पाणी कुठे मुरतंय?

जुनी, दोन सीटांची, टप उघडणारी गाडी बघायला जाताना मी तीन गोष्टी बरोबर ठेवायचो: टॉर्च, पाण्याने भरलेली बाटली आणि बायको. टॉर्च-बाटलीचं काम पुढे येईलच. बायको अशासाठी, की तिला गाड्यांचं वेड नाही. आणि मुळात जागाच दोन म्हटल्यावर दुसऱ्या सीटचं मत म्हणजे निम्मं मतदान झालं. शिवाय अशा गाडीसमोर उभं राहिलं की माझ्यासारख्याचं डोकं चालेनासं होतं आणि विकणाऱ्याला ते लांबूनच कळतं. शेजारी कोणीतरी हाताची घडी घालून उभं असलेलं बरं.

गाडी ठरलेली होती. बीएमडब्ल्यूची झेड४, तीही पहिल्या पिढीची, जिला जाणकार ई८५ म्हणतात. २००२च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती लोकांसमोर आली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. क्रिस बँगल तेव्हा कंपनीच्या डिझाइनचे प्रमुख होते आणि बाहेरचा आकार अँडर्स वॉर्मिंग यांचा. पत्रा कुठे फुगलेला, कुठे आत दबलेला, मधूनच एक धारदार रेघ दारावरून खाली उतरलेली. फोटोत हे सगळं विचित्र वाटतं. उन्हात उभ्या गाडीभोवती फेरी मारली की एकाच रंगाच्या पाच-सहा छटा सरकताना दिसतात आणि मग त्या माणसांच्या डोक्यात काय होतं ते उलगडतं. त्या काळातल्या बऱ्याच गाड्या आज जुनाट दिसतात. ही दिसत नाही, निदान माझ्या डोळ्यांना तरी.

हिच्या पाठची २००९ची झेड४, म्हणजे ई८९, जास्त सोज्वळ आहे. तिचा बाहेरचा आकार युलियाने ब्लासी आणि आतला नाद्या आर्नाउट या दोन बायकांनी काढला, हे ऐकल्यावर आमच्या घरचं मत क्षणात तिकडे झुकलं होतं. पण तिचा टप धातूचा. तो दुमडून डिकीत जाऊन बसतो आणि ३१० लिटरच्या डिकीत १८० लिटर जागा उरते. म्हणजे टप उघडून दोघांनी गावाला जायचं तर एकाचं सामान घरी. ई८५चा टप कापडाचा, आणि तो खाली असतानाही डिकीत २४० लिटर जागा राहते. मग मत परत आलं.

माझदाची एमएक्स-५ बघितली नाही का, हा प्रश्न येणारच. बघितली. १९८९पासून चालत आलेली, जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटांची उघडी गाडी आहे ती, आणि वजनाने इतकी हलकी की वळणावर ती गाडी न वाटता अंगातला कपडा वाटते. माझ्या मनाने होकार दिला होता, नकार दिला तो गुडघ्यांनी. तुमची उंची बेताची असेल तर माझ्या आधी तुम्ही तीच बघा.

ई८५मध्येही निवड करावी लागते. सुरुवातीच्या ३.० आय गाडीत एम५४ जातीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आहे: २,९७९ सीसी, २३१ हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ५.९ सेकंदांत. २००६मध्ये गाडीत सुधारणा झाल्या आणि ३.० एसआयमध्ये एन५२ इंजिन आलं, २६५ हॉर्सपॉवरचं, ब्लॉकमध्ये मॅग्नेशियम वापरलेलं. त्याच वर्षी झेड४ एम आली, ३४३ हॉर्सपॉवरची. तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, बाकी सगळ्या ई८५चं इलेक्ट्रिक. ‘एम’ ही वेगळीच चीज आहे; तिचे सुटे भाग आणि तिचे नखरे दोन्ही वेगळे, तिच्याबद्दल मी बोलत नाही. मला हवी होती साधी ३.० आय, सहा गिअरची, हाताने गिअर टाकायची.

आता मुद्द्यावर येतो. या गाड्यांबद्दल विचारायला लागलं की जो तो इंजिनावर बोलतो. एम५४ ऑइल खातं का, व्हॅनोसची, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची, सीलं गेलीत का, कूलंटची टाकी कधी फुटते. सगळं खरं आहे, सगळं तपासायचंच. पण ते इंजिन बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या कितीतरी साध्या चारदारी गाड्यांमध्ये होतं. त्यावर हात बसलेले मेकॅनिक भेटतात, सुटे भाग मिळतात. उघड्या गाडीचं खरं दुखणं असतं ते पाण्याचं. पाऊस पडतो तो टपावर, टपावरून येतो कडेच्या पन्हळीत, तिथून टप ठेवायच्या खणाच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि कोपऱ्यातल्या नळ्यांतून जमिनीवर. हा रस्ता मोकळा असेल तर गाडी वीस वर्षांची असली तरी ठणठणीत. रस्ता तुंबला की पाणी आपली सोय आपण बघतं. ई८५मध्ये यात एक जादा भानगड आहे. टप उघडणारी हायड्रॉलिक मोटर डाव्या बाजूला, त्याच कोपऱ्यात, अगदी तळाशी बसवलेली आहे. नळी तुंबली की पहिली आंघोळ मोटरची.

हे वाचून माहीत होतं, पण प्रत्यक्ष काय होतं ते पहिल्याच गाडीने दाखवलं.

गाडी म्हणजे नवरीसारखी सजवलेली. चंदेरी रंग, पॉलिश इतकं ताजं की दाराच्या फटीत पांढरी पूड राहिली होती. फोनवर मी विचारलं होतं, “टप व्यवस्थित चालतो ना?” उत्तर आलं होतं, “एकदम ओके. फक्त थोडा सावकाश उघडतो.” हे ‘फक्त’ लक्षात ठेवा. बटण दाबल्यापासून टप पूर्ण उघडायला सुमारे १० सेकंद लागायला हवेत. इथे बटण दाबल्यावर आधी मागून कण्हल्यासारखा आवाज आला, टप थोडा उचलला गेला आणि हवेतच थांबला. मालक म्हणाले, “बॅटरी उतरलीय हो, बरेच दिवस बाहेर काढली नाहीये.” असू शकतं. खरंच असू शकतं, म्हणून मी काही बोललो नाही.

तोवर बायकोने तिच्या बाजूचं दार उघडून डोकं आत घातलं आणि तितक्याच झटकन बाहेर काढलं. “इथे काहीतरी कुजतंय.” मी सीटच्या मागे कार्पेटवर तळहात दाबला. वरून कोरडं, पण दाबल्यावर बोटांच्या मधून गार पाणी वर आलं. डाव्या कोपऱ्यात टॉर्च मारला तर टपाच्या सांध्याखाली काळी, चिकट माती आणि त्यात अख्खी पानं. गाडी वर्षानुवर्षं झाडाखाली उभी असणार. मी बाटलीतलं जेमतेम घोटभर पाणी त्या कोपऱ्यात सोडलं आणि वाकून गाडीखाली बघितलं. खाली काही आलं नाही. पाणी थोडा वेळ तसंच उभं राहिलं, मग हळूच कुठेतरी आत दिसेनासं झालं. घोटभर म्हणतोय ते जाणूनबुजून. नळी तुंबलेली असेल तर तुम्ही ओतलेलं पाणीही मोटरकडेच जाणार, आणि गाडी अजून दुसऱ्याची आहे.

याला गाडी तरी काय करणार? झाडाखाली ठेवलेल्या कुठल्याही उघड्या गाडीची भोकं कोणीतरी साफ करावीच लागतात. मोटर बदलायची तर टपाची अर्धी यंत्रणा सोडवावी लागते, म्हणून बरेच मालक नवी मोटर टाकताना ती जुन्या जागी न बसवता डिकीतच उंचावर बसवून घेतात. शहाणपणाची गोष्ट आहे. कुठल्या गाडीत असं केलेलं दिसलं तर दचकू नका. नीट केलेलं असेल तर चांगलंच. आम्ही त्या मालकांचा निरोप घेतला. ते “किंमतीचं बघू की” म्हणत फाटकापर्यंत आले.

मधल्या काही गाड्यांबद्दल सांगण्यासारखं नाही. एकीची काच वर जाऊन मागे यायची, एकीची कागदपत्रं आणि मालक यांचा मेळ बसेना.

मग ही गाडी मिळाली. गडद निळी, आणि तिचे मालक निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांच्याकडे गाडीपेक्षा फाइल जाड होती. मी आदल्या दिवशी फोन करून एकच विनंती केली होती: “मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” काही जण यावर चिडतात. हे म्हणाले, “म्हणजे बघायला येणारा बघणारा आहे तर.” पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवला. गार.

बॉनेटवरून आठवलं. ठोकर लागलेल्या पत्र्यावर रंगाखाली भरलेली पुट्टी शोधायला काही जण लोहचुंबक घेऊन फिरतात. ई८५चं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, तिथे चुंबक चिकटणारच नाही. मालकावर आरोप करण्याआधी हे माहीत असलेलं बरं. त्याऐवजी फटी बघा. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, दारं ओढल्याशिवाय नीट बसतात का. या गाडीच्या काचांना चौकट नाही, त्यामुळे दार उघडताना काच आपोआप किंचित खाली येते आणि दार लागलं की परत वर जाऊन रबरात बसते. हे दोन्ही दारांना करून बघितलं, आणि काच बसल्यावर रबराच्या कडेने बोट फिरवलं. चालकाच्या बाजूचं रबर मऊ होतं. दुसऱ्या बाजूला वरच्या कोपऱ्यात ते चपटं झालं होतं. मनात नोंद केली.

टपाला मात्र मी भरपूर वेळ दिला. आधी बंद स्थितीत. कापड घड्या पडतात तिथे आणि आतली चौकट घासते त्या कडांना विरतं. बोटाने चाचपलं की डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं. मागची काच हिच्यात खरी काचेची आहे, गरम होणारी. हिच्या आधीच्या झेड३ला मागे प्लॅस्टिक होतं, जे पिवळं पडून तडकायचं. काच कापडाला जिथे चिकटवलेली असते ती कड पूर्ण बघा, खालच्या बाजूला विशेष. मग बटण. मी फोनवर सेकंद मोजत होतो आणि कान मोटरकडे होता. पुढची कडी सुटली, टप मागे गेला, इंग्रजी झेडसारखा दुमडला आणि त्याचा पुढचा भाग वरच राहून स्वतःच झाकण झाला. वेगळं झाकण लागतच नाही, ही या टपातली मला सगळ्यात आवडलेली करामत. वेळ बरोबर, आवाज एकसारखा. तरी लगोलग पुन्हा बंद, पुन्हा उघडा. दमलेली मोटर पहिल्या खेपेला लाज राखते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तोंडघशी पडते. ही पडली नाही.

डाव्या कोपऱ्यात टॉर्च. थोडी धूळ, पानं नाहीत. घोटभर पाणी, वाकून बघणं. गाडीखाली लगेच धार. मालक माझ्या शेजारी वाकले होते. “दर वर्षी साफ करतो,” म्हणाले. मला वाटतं माझं निम्मं काम त्या क्षणीच झालं होतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

डिकीतलं कार्पेट उचललं. कोरडं. स्टेपनी नाही, आणि शोधायचीही नाही, कारण ही गाडी रन-फ्लॅट टायरांवर निघालेली. हवा गेली तरी कडक बाजूंच्या जोरावर ती काही अंतर चालते. याच कडकपणामुळे गाडी खड्ड्यांत दणके देते आणि बरेच जण साधे टायर टाकून पंक्चरचं किट बाळगतात. टायरच्या बाजूवर कारखान्याची तारीख असते: चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३११६ म्हणजे २०१६चा ३१वा आठवडा. इथे मागचे दोन अलीकडचे निघाले, पुढचे चांगलेच वयस्क. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून जात नाहीत, वाळून जातात. आणि १८ इंची चाकांवर पुढे २२५, मागे २५५ अशी रुंदी असते, त्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे असा हिशेबही जमत नाही.

इंजिन सुरू केलं. पहिल्याच झटक्याला, धूर नाही, काही सेकंदांत आवाज स्थिर. ऑइलचं झाकण उघडून आतून बघितलं, कूलंटच्या टाकीच्या शिवणीवर बोट फिरवलं. ही प्लॅस्टिकची टाकी आणि तिच्या आसपासचे पाइप वयाप्रमाणे ठिसूळ होतात. फाइलीत ते बदलल्याची पावती होती. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीतून, मात्र ऑइल पाझरलं होतं आणि गरम झाल्यावर करपट वास येत होता. “दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल किती टाकावं लागतं?” मी विचारलं. “लिटरभर,” त्यांनी सरळ सांगितलं. “काहीच नाही” असं उत्तर आलं असतं तर मी जास्त काळजीत पडलो असतो.

चालवून बघताना टप आधी बंद ठेवा. उघडा टप हा विकणाऱ्याचा सगळ्यात मोठा वकील असतो. वारा लागला, सूर्य दिसला की कसलीच खडखड ऐकू येत नाही. आम्ही बंद टपाने, रेडिओ बंद, एसी बंद, असे निघालो. बसायची जागा जवळजवळ मागच्या चाकांवर आणि समोर मैलभर बॉनेट, त्यामुळे गाडी वळताना आधी नाक वळतं आणि मग आपण. याची मजा वाटायला दोन वळणं पुरतात. खांद्यावरून मागे बघितलं तर मात्र कापडच दिसतं. लेन बदलताना आरशांवर भरवसा ठेवायची सवय करावी लागते. स्पीडब्रेकर मुद्दाम तिरका घेतला, एक चाक आधी, दुसरं नंतर. छत नसलेली गाडी पिळवटते ती इथे. आतला आरसा आणि डॅशबोर्ड बघत राहायचं. आरसा किंचित थरथरला, डॅशबोर्ड गप्प.

स्टिअरिंगची परीक्षा लगेच होत नाही. ई८५च्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला गाडी तापल्यावर मधल्या स्थितीत चिकटायची सवय लागते, ही सगळ्या जाणकारांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. सरळ रस्त्यावर बारीकशी दुरुस्ती करायला गेलं की ते आधी अडतं आणि मग एकदम जास्त सुटतं. पाच मिनिटांच्या फेरीत हे कधीच कळणार नाही. मी मालकांना आधीच सांगितलं होतं की अर्धा तास लागेल, तोही उन्हात. ऐंशीच्या वेगात दोन बोटांनी चाक धरून केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिलो. बायको म्हणाली, “सरळ चालव की.” स्टिअरिंग कुठे अडलं नाही. मग तिसऱ्या गिअरमध्ये वेग पार खाली आणून पूर्ण ॲक्सिलरेटर. व्हॅनोसची सीलं थकली असतील तर खालच्या फेऱ्यांत इंजिन आळसावतं. हे दोन हजारांपासून एकसंध ओढत गेलं, आणि साडेपाच हजारांच्या आसपास सहा सिलिंडरचा तो आवाज आला ज्यासाठी माणसं या गाड्या घेतात. त्या आवाजाबद्दल लिहायला बसलो तर पानं भरतील, आणि कोणालाच काही उपयोग होणार नाही.

ब्रेक, क्लच, गिअर चांगले. पुढे.

परतताना टप उघडला. काचा वर असताना साठपर्यंत नेहमीच्या आवाजात बोलता येतं. शंभरला आवाज चढवावा लागतो. त्यापुढे नवरा-बायकोने बोलू नये. माझ्या डोक्याचा माथा समोरच्या काचेच्या वरच्या कडेखाली राहतो, वारा कपाळावरून निघून जातो. माझ्यापेक्षा उंच माणसाने हे बसूनच बघावं, मापं वाचून नाही. पायाशी हीटर आणि डोक्यावर आभाळ ही जोडी बायकोला इतकी आवडली की तिने पहिल्यांदाच गाडीला उद्देशून चांगला शब्द काढला. लगेच पुढचा प्रश्नही आला: “पर्स कुठे ठेवायची?” पायाशी. मागे सीट नाही, तिथे फारसं काही राहत नाही. भाजी आणायला, मुलांना सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला घरात दुसरी गाडी लागतेच. ती नसेल तर झेड४चा विचार सोडून द्या.

शेवटची परीक्षा मी मालकांना बिचकत बिचकतच सुचवली. टप बंद करून आम्ही दोघं आत बसतो, तुम्ही बाहेरून पाइपने पाणी मारा. त्यांना ही कल्पना इतकी पसंत पडली की पँट गुडघ्यापर्यंत वर करून ते तयार. आत आम्ही टॉर्च घेऊन बसलो, ती तिच्या बाजूला बघतेय, मी माझ्या. बाहेर कापडावर धबधबा, काचेवरून पाण्याचे पडदे, आणि त्यातून त्यांचा आवाज: “अजून मारू का?” “मारा, कोपऱ्यांवर मारा!” समोरच्या काचेच्या कडीपाशी कोरडं. मागच्या काचेच्या कडेला कोरडं. मी पाठीमागे कार्पेटवर हात दाबत होतो तेव्हा बायको म्हणाली, “माझ्या खांद्यावर आलं.” तिच्या काचेचा वरचा कोपरा, जिथे रबर चपटं झालं होतं, तिथे एक थेंब लोंबत होता. तो मोठा झाला, सुटला, आणि त्याच्या मागे दुसरा धरला. टॉर्च धरून आम्ही दोघं तो थेंब बघत राहिलो. धार नव्हती, झिरपणं होतं. काच थोडी आत झुकवून घेतली किंवा रबर बदललं की भागण्यासारखं. पण सौद्यात थेंबालाही किंमत असते. खाली उतरून बघितलं तर दोन्ही बाजूंनी नळ्यांमधून पाणी खळखळ वाहत होतं.

यानंतर गाडी आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली. ही पायरी कोणी गाळू नये, मालक कितीही सज्जन असो. स्कॅनर लावला, जुने किरकोळ कोड सोडून काही नाही. रनिंगचा आकडा खरा वाटतो का, हे त्याने मीटरवर न बघता क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड यांवरून सांगितलं. मागच्या स्प्रिंगांचं शेवटचं वेटोळं त्याने हाताने चाचपलं, कारण ते तुटलं तरी गाडी चालत राहते आणि वरून दिसत नाही. दोन्ही शाबूत. पुढच्या कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, मागचे रबरी बुश चिरले होते, या वयाला चिरतातच. ऑइल फिल्टरच्या बैठकीखालून थोडं पाझरणं. तळाच्या पत्र्यावर वेल्डिंगची, ठोकाठोकीची खूण नाही. “इंजिनाचं काय?” मी विचारलं. तो म्हणाला, “इंजिनाचं काय व्हायचंय? टप चालतो का ते सांगा.”

मग आम्ही फाइल, थेंब, बुश, गॅस्केट आणि पुढचे टायर असं सगळं टेबलावर मांडलं. मालकांनी चहा मांडला. भाव किती उतरला ते सांगत नाही, पण टायरांच्या तारखेवर ते गप्प झाले आणि थेंबावर हसले, एवढं खरं. गाडीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढून ठेवली होती. ती नसती तर ही गाडीसुद्धा मी सोडून दिली असती. देखणी गाडी कर्ज काढून घेता येते, पण तिचं गॅस्केट कर्ज काढून बदलायचं म्हणजे वैताग.

घरी आल्यावर पहिलं काम नळ्यांचं. घेणार असाल तर पद्धत सांगून ठेवतो. टप अर्धा उघडा ठेवून कोपऱ्यातली माती आधी हाताने काढायची, म्हणजे ती आणखी खाली ढकलली जात नाही. मग गवत कापायच्या यंत्राला लावतात तशी जाड नायलॉनची दोरी नळीत हलक्या हाताने वरून खाली सरकवायची. लोखंडी तार नको, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, कारण जोराने नळी आतल्या आत निसटली की पाणी सरळ मोटरवर आणि तुम्हाला पत्ताही नाही. शेवटी वाटीभर पाणी, आणि दोन्ही बाजूंनी धार सारखीच पडतेय ना ते बघायचं. वर्षातून दोनदा, पानगळीनंतर आणि पावसाच्या आधी.

बुश आणि गॅस्केट झालं. काच झुकवून घेतली, थेंब बंद आहे. पुढचे टायर यायचेत, साधे घ्यायचे की रन-फ्लॅट यावर घरात अजून मतदान चालू आहे.